पदकाचा चमचा

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते पट्टीबाईंना त्या सकाळी अकरा वाजता कळलं. इस्पितळात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सव्वीस वर्षं लोकांच्या छातीला वायरी लावून हृदयाचा आलेख काढायचा आणि कागदाची पट्टी डॉक्टरांच्या हातात द्यायची, हे त्यांचं काम. आज पलंगावर होती सख्ख्या भावाची लेक, एकोणीस वर्षांची. रस्त्यापलीकडच्या सभागृहात वजन उचलण्याची स्पर्धा चालू होती आणि ही पोरगी आपला नंबर यायच्या आधीच सरावाच्या चटईवर कोसळली होती.

तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. उजव्या हाताची बोटं दांडा धरल्यासारखी वळून बसली होती. पट्टीबाई ती एकेक करून उलगडत होत्या आणि सोडली की ती पुन्हा वळत होती. मशीनमधून कागद निघत होता. मिनिटाला एकशे सत्तर ठोके, आणि रांग मोडून पुढे घुसणाऱ्या माणसासारखा मधेच एखादा आगाऊ ठोका. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बघितली, सलाईन लावलं, औषध सुरू केलं आणि विचारलं, "काय घेतलंय हिने?"

"ताकदीची पावडर," भाऊ म्हणाला. तो पोरीचा बापही आणि प्रशिक्षकही. "कॅफिन असतं, कॉफीतलंच. सगळेच घेतात."

डॉक्टरीणबाई अतिदक्षता विभागात खाट मिळवायला धावल्या. पट्टीबाई भावाकडे वळल्या.

"कॉफी पिऊन बोटं अशी वळतात होय रे?"

"ताई, तू उगाच राईचा पर्वत करू नकोस. माझ्याकडे शिकणाऱ्या बाकीच्या तिघीही हीच घेतात, त्या ठणठणीत आहेत ना? दोन महिन्यांत ही आठ किलो जास्त उचलायला लागली. स्नायू जोरात आवळतात त्याने. आणि हृदय म्हणजे तरी काय, स्नायूच ना? तेही बळकट होणार."

पट्टीबाईंना वाटलं, ह्याच्या कानाखाली एक वाजवावी. लहानपणी वाजवली होती, तेव्हा थोडी कमीच पडली.

"हात वजन उचलतो आणि खाली ठेवतो," त्या म्हणाल्या. "मग तासभर लोळतो. हृदयाला खाली ठेवायची सोय नाही. दोन ठोक्यांच्या मधे जेवढी उसंत मिळते, तेवढ्यात ते रक्त भरून घेतं. तुझी पावडर ती उसंतच खाते. बादली भरलीच नाही, तर जोरात ओतून पाणी येणार कुठून?"

राग त्यांना स्वतःचाही आला होता. गेल्याच महिन्यात घरी आलेल्या ह्या पोरीच्या हातात कप थरथरत होता आणि त्यांनी हसून विचारलं होतं, प्रेमात पडलीस की काय. सव्वीस वर्षं पट्ट्या काढल्या आणि घरच्या पोरीचा हात वाचता आला नाही.

"डबा दाखव."

भावाने पिशवीतून डबा काढला. आज सकाळीच फोडलेला, नवा. आत निळा, झिजलेला चमचा होता.

"नव्या डब्यात जुना चमचा कसा?"

"तो पदकाचा चमचा," पोरगी पलंगावरून हळूच म्हणाली. "पहिलं पदक मिळालं त्या दिवशी ह्यानेच पावडर घेतली होती. बाबा प्रत्येक डब्यात तोच टाकतात."

"शुभ आहे तो," भाऊ म्हणाला. "जुनी पावडर मिळेना, म्हणून ह्या वेळी दुसरी आणली. पण चमचा तोच."

पट्टीबाईंनी डबा ट्रॉलीवरच्या कागदावर उपडा केला. पावडरीच्या ढिगातून पातळ पिशवीत बंद असलेला एक पांढरा चमचा घरंगळला. नखाएवढा. डब्यावर लिहिलं होतं, एक सपाट चमचा, दिवसातून एकदा. त्यांनी पिशवी फाडली आणि नखाएवढ्या चमच्याने निळा चमचा भरायला घेतला. पोरगी पडल्या पडल्या मोजत होती. सातव्याला तो भरला.

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तो म्हणाला, "पुढच्या वेळेपासून छोटा वापरू."

पालथ्या घड्यावर पाणी. पट्टीबाई काही बोलणार, तेवढ्यात पोरीने विचारलं, "बाबा, त्या तिघींना कुठल्या चमच्याने दिलीत?"

भावाची नजर निळ्या चमच्यावर गेली.

"माझा नंबर पहिला, म्हणून मी आधी घेतली," पोरगी म्हणाली. " त्यांनी अर्ध्या तासाने घेतली."

त्याने फोन काढून त्या तिघींपैकी एकीला लावला. पलीकडे फोन नुसता वाजत राहिला. खिडकीतून सभागृहातला भोंगा ऐकू आला, त्या तिघींतल्याच एकीला मंचावर बोलावत होता.

पट्टीबाईंनी पोरीला नर्सच्या हवाली केलं आणि त्या धावत सुटल्या. पांढऱ्या कोटात, मोडक्या गुडघ्यांनी, वाहनांच्या मधून. सभागृहात शिरल्या तेव्हा ती मुलगी खाली वाकून दांड्याला हात घालत होती. पट्टीबाई चपलांसकट मंचावर चढल्या आणि दांड्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या.

"पोलिसांना बोलवीन," पंच ओरडले.

"बोलवा," पट्टीबाई धापा टाकत म्हणाल्या, "पण आधी हिची नाडी बघू द्या." आणि त्यांनी त्या मुलीची वळलेली बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवायला घेतली.