पट्टीखालचा दिवा

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. पण माझ्या उजेडात कुणी कधी पान वाचलं नाही की सुईत दोरा ओवला नाही. मोटार चालवणाऱ्याच्या समोर काट्यांची तबकडी असते. तिच्या कोपऱ्यात नखाएवढ्या इंजिनाचं चित्र असतं, त्या चित्रामागे माझं घर. इंजिनात काही बिघडलं की पिवळं होऊन सांगायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात आम्हांला तपासणाऱ्या एक बाई होत्या. प्रत्येकाला क्षणभर वीज द्यायची, लागला की पुठ्ठ्यावर खूण करायची. माझी पाळी आली तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "याला मेल्याला एकच अक्षर येतं. ते तरी नीट येऊ दे." मला तेव्हा राग आला होता. पुढे कळलं, बाईंचं म्हणणं खरं होतं. पेट्रोलचं झाकण सैल राहो की इंजिन जळत असो, माझा रंग तोच. काहीतरी दुखतंय एवढंच मला सांगता येतं. काय दुखतंय ते माणसानं विचारायचं असतं. मिस्त्री आपलं यंत्र जोडून विचारतात आणि गाडी त्यांना सगळं सांगते.

आमचे मालक इमारतींमधल्या आगीच्या घंटा तपासत. वसतिगृहं, गोदामं, शाळा, सगळीकडे त्यांची फेरी असे. लोक त्यांना घंटावालेच म्हणत. शर्टाच्या खिशात काळ्या चिकटपट्टीचं रीळ कायम. घंटेच्या तोंडात कुणी बोळा कोंबलेला दिसला की त्यांचं डोकं फिरे. "सारखी वाजते म्हणून गप्प केलीत? मग आग लागल्यावर काय फोन करून कळवणार आहे ती?" असं ते भल्याभल्यांना सुनावत.

अशा माणसाच्या हाती पडलो याचा मला अभिमान होता. पहिल्यांदा लागलो तेव्हा ते तसेच गॅरेजात गेले. मिस्त्री म्हणाले, "वेळेवर आलात, घंटावाले. आणखी आठवडा गेला असता तर महागात पडलं असतं." मालकांनी तबकडीवर बोटानं टिचकी मारली. "शहाणा आहेस," म्हणाले. ती टिचकी माझ्या आजही लक्षात आहे.

गाडी मुळात घेतली होती ताईंसाठी. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनं केलं, आणि त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. ती त्याला अजून धाकट्या म्हणे. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठच्या ठोक्याला रुग्णालयात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं. तिथं पाळी चुकली की खुर्ची दुसऱ्याला जाते. शुक्रवारनंतर मधले दोन दिवस रिकामे, म्हणून सोमवारी तिचे पाय सुजलेले असत आणि बोलताना दम लागे. तरी गाडीत बसताना म्हणायची, "चल रे, गाळून आण मला."

आता माझ्या बदनामीची गोष्ट. मालकांना सदा घाई. पेट्रोल भरलं की झाकण अर्धवट फिरवून निघायचे. वाफ निसटली की मला लागावंच लागे. एकदा मिस्त्रींनी झाकण कटकट आवाज येईपर्यंत पिळलं आणि हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. तिसऱ्यांदा मी लागलो तो सोमवार होता. ताई शेजारी बसलेली. मालक घाबरून आधी गॅरेजात वळले, तिथं कुलूप, मग मिस्त्रींची वाट बघणं आलं. निघालं काय, तर तेच झाकण. रुग्णालयात पोचेपर्यंत खुर्ची गेली होती. ताईंना दुपारपर्यंत बाकावर बसून धापा टाकाव्या लागल्या.

परत आल्यावर मालकांनी खिशातलं रीळ काढलं, पट्टीचा तुकडा दातानं तोडला आणि माझ्या तोंडावर चिकटवला. अंगठ्यानं कडा दाबून घेतल्या. "पुन्हा तुझ्यामुळे तिला थांबावं लागणार नाही," म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मित्रांनो, ती पट्टी त्यांनी मायेपोटी लावली होती. म्हणून तिच्यावर मला धड रागावताही आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी इंजिनाच्या एका नळकांड्यातली ठिणगी पडेनाशी झाली. ती ठिणगी पाडणारी एक छोटी कॉइल गेली होती. बदलायला अर्धा तास पुरला असता. मी लागलो. पट्टीखाली अंधार होता, त्यात मी एकटा पिवळा. न जळलेलं पेट्रोल पुढे वाहून धूर गाळणाऱ्या जाळीला जाळू लागलं, तेव्हा मी उघडमीट सुरू केली. माझ्यापाशी याहून मोठा आवाज नाही.

"गाडी थरथरतेय का रे?" ताईंनी एकदा विचारलं.

"गारठा आहे ताई. तापली की ठीक होईल."

पुढच्या शुक्रवारी त्या जरा वाकून बघू लागल्या. पट्टीची एक कड सुटली होती. "धाकट्या, याच्याखाली काहीतरी लुकलुकतंय."

"तो लबाड आहे. लांडगा आला रे आला, एवढंच येतं त्याला."

"विचारून तर बघ एकदा मिस्त्रींना."

"बघतो ना. तुझी सोमवारची पाळी होऊ दे, मग दिवसभर गाडी त्यांच्याकडेच टाकतो."

आधीच आपल्यापायी याची निम्मी कामं बुडतात, असं ताईंना वाटे. खिडकीबाहेर बघत त्यांनी विषय सोडून दिला. मला मात्र त्यांची नजर सुटलेल्या कडेवर हवी होती.

सोमवारी आम्ही लांब पुलावर चढलो. पुलाची एक बाजू दुरुस्तीसाठी बंद, दोन्हीकडे कठडे, वळायला जागा नाही. चढावर इंजिनाचा श्वास कोंडला. जाळी वितळून बंद झाली होती. धुराला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. गाडी दोन आचके देऊन थांबली. मालकांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. मागे भोंगे सुरू झाले, रांग लागली. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. ती आली, पण रांगेच्या शेवटी येऊन अडली, कारण पुढचा रस्ता आम्हीच अडवला होता.

ताईंना बसल्या जागी श्वास पुरेना. ओठ निळसर झाले. मालकांनी त्यांचा पट्टा सोडवला.

"चालवेल का ताई?"

"लहानपणी तू चालायचास का," त्या थांबत थांबत म्हणाल्या, "कडेवरच असायचास सारखा."

मालकांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि गाड्यांच्या फटीतून धावत सुटले. किल्ली तशीच राहिली. मी पट्टीखाली लागलेलाच होतो, बॅटरी उतरेपर्यंत.

पुढचं मी गॅरेजात ऐकलं. रुग्णवाहिकेपर्यंत पोचले तेव्हा मालकांच्या पाठीवरचा भार हलत नव्हता. चौथ्या दिवशी ते गॅरेजात आले. मिस्त्रींनी यंत्र जोडून वाचलं आणि मान खाली घातली. मालकांनी विचारलं, "हा लागला होता?"

"दोन महिने," मिस्त्री म्हणाले.

मालकांनी पट्टी काढली. नखानं हळूहळू, कडेपासून. किती तरी महिन्यांनी मला त्यांचा चेहरा दिसला. मला वाटलं, मला फोडून टाकतील. त्यांनी तबकडी उचकटून काढली आणि मला घरी नेलं. गाडी भंगारात गेली.

आता मी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत असतो. तुमच्या शाळेत घंटा तपासायला येतात तेव्हा मला टेबलावर ठेवतात. माझ्या काचेवर पट्टीच्या डिंकाचा डाग आहे, तो त्यांनी पुसलेला नाही. कुठे घंटेत बोळा सापडला तर पूर्वीसारखे ओरडत नाहीत. डागावर बोट ठेवतात, "बोळा काढा," एवढंच म्हणतात. बाकीचं त्यांना सांगवत नाही, म्हणून मी सांगितलं.

मित्रांनो, आमच्यातले काही दहादा उगाच लागतात हे खरं आहे. तरी अकराव्यांदाही विचारा. आणि शेजारी बसलेलं आपलं माणूस हळूच काही म्हणालं, तर त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावू नका.

रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी मालक मला एका छोट्या बॅटरीला जोडतात. मी लागतो. ते वाकून अगदी जवळून बघतात आणि विचारतात, "काय होतंय रे?" आता माझ्यामागे ना गाडी आहे, ना इंजिन. ते विचारतात, आणि माझ्यापाशी सांगण्यासारखं काहीच नसतं.