आधी उघडून बघ

ताईने शाळेची नोकरी सोडून धाकट्या भावाच्या गेमच्या धंद्यात उडी घेतली, तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. पण भावाचं असं होतं, की कोड म्हणाल तेवढं लिहील. चार ओळी सरळ भाषेत लिहायच्या म्हटलं की त्याचं गाडं अडायचं. ताईने तर जन्मभर मुलांच्या निबंधांवर लाल पेन चालवलेलं. जोडी जमली. जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, एक छोटा फ्रीज आणि कुरकुरणारा पंखा, एवढ्यावर कारखाना सुरू झाला.

भावाने एक टूल बनवलं होतं. गेम ज्या इंजिनमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनतो, तिथे हल्ली एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून करणारे प्रोग्राम, कामाला लावतात. हुशार खरे, पण नव्या घरात आलेल्या पाहुण्यासारखे. गेमचं नाव काय, इंजिन कुठल्या आवृत्तीचं, गेम कुठल्या सीनपासून सुरू होतो, काही ठाऊक नसतं. टूल चालवलं की ते ही सगळी माहिती एका दमात सांगतं. आता हे टूल कसं वापरायचं ते एजंटला समजावणारं पान लिहायचं होतं, आणि ते काम अर्थातच ताईचं. शुक्रवारी एका मोठ्या गेम कंपनीच्या मॅडम बघायला येणार होत्या. त्यांनी पसंत केलं तर खोली चालू राहणार, नाहीतर भाऊ परगावी जुन्या नोकरीवर, आणि ताईला शाळेच्या दारात परत जायला तोंड नव्हतं.

ताईने जीव ओतून पान लिहिलं. टूलचं उत्तर कसं दिसतं ते दाखवायला नमुन्यादाखल तिने एक इवलासा गेमच मनाने रचला: एक विसरभोळा माळी, आणि सुरुवातीचा सीन 'बाग'. भावाने स्वतःच्या होड्यांच्या गेमवर एजंटला बसवलं, पान वाचायला दिलं आणि विचारलं, गेम कुठून सुरू होतो? एजंटने छातीठोकपणे सांगितलं, बागेतून. त्या गेममध्ये जिकडेतिकडे पाणी, झाड औषधालाही नव्हतं.

टूल चालवायचे कष्टच त्याने घेतले नव्हते. नमुन्यातलं उत्तर उचललं आणि दिलं ठोकून! भाऊ म्हणाला, तो माळी काढ आधी. ताईला झोंबलं, तरी तिने नमुना काढून पाहिला. तर उत्तर कसं दिसतं तेच एजंटला कळेना, आणि तो फोल्डरमागून फोल्डर उचकत बसला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झाली.

वैतागून ताई चहा करायला उठली. दूध आहे का रे, तिने विचारलं. स्क्रीनवरची नजरही न हलवता भाऊ म्हणाला, आहे की. तिने फ्रीज उघडला, तर दुधाचा पत्ता नाही. काल होतं, आणि कालच त्याने ते पिऊन संपवलं होतं.

ताई चिडायची ती हसतच सुटली.

"तुझा एजंट थेट तुझ्यावर गेलाय," ती म्हणाली, आणि काढलेला नमुना परत घालून त्याच्या बरोब्बर डोक्यावर तिने लिहिलं: खालचा नमुना दुसऱ्याच गेमचा आहे. दर वेळी आधी टूल चालव, ते सांगेल तेच उत्तर दे. बाग मात्र तिने हट्टाने ठेवली. पुन्हा विचारलं तेव्हा एजंटने गुमान टूल चालवलं आणि 'बंदर' असं सांगितलं.

शुक्रवारी मॅडम आल्या. केस पांढरे, बोलणं मोजकं. लॅपटॉपवर त्यांचा स्वतःचा गेम होता, या दोघांनी कधी न पाहिलेला. त्यांनी एजंटला पान वाचायला दिलं, तोच प्रश्न विचारला आणि उत्तर आलं: गेम 'बाग' या सीनपासून सुरू होतो.

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. भावाने डोळेच मिटून घेतले. माळ्याने घात केला, आणि त्याला ठेवायचा हट्ट माझाच, असं मनाशी म्हणत ती माफी मागायला तोंड उघडणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे. त्यांच्या गेममध्ये खरोखरच मुलं बागेत लपाछपी खेळत होती.

दोघांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मॅडमनी ताईचं पान खाली सरकवलं आणि त्या थबकल्या.

"तुमच्या नमुन्यातही बागच आहे की. मग याने टूलला विचारलं, का इथनं उचललं?"

प्रश्न बिनतोड होता. टूल कधी चाललं त्याच्या नोंदी दाखवायला भाऊ धडपडला. ताईने त्याला हातानेच थांबवलं. आपल्याच टूलची साक्ष आपणच काढायची, त्याला काय अर्थ?

"मॅडम, पहिला सीन तुम्हीच आत्ता बदला," ती म्हणाली. "आम्हाला सांगू नका. मग याला परत विचारा."

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅडमनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, थोडी टकटक केली आणि पुन्हा विचारलं. एजंटने टूल चालवलं आणि लिहिलं: गेम 'गच्ची' या सीनपासून सुरू होतो. मगाशी 'बाग' होता, मध्यंतरी कुणीतरी बदललेला दिसतो.

मॅडम मोठ्याने हसल्या. आमची निम्मी माणसंसुद्धा असं परत बघायचे कष्ट घेत नाहीत, म्हणाल्या, सोमवारपासून टूल आमच्याकडे सुरू करा. मग त्यांनी विचारलं, पान कुणी लिहिलं? भावाने ताईकडे बोट दाखवलं. मॅडम म्हणाल्या, छान लिहिलंय. आयुष्यभर दुसऱ्यांना शेरे देणाऱ्या ताईला इतका आनंद झाला, की कुठे बघावं तेच तिला कळेना.

आता चहा तर व्हायलाच हवा. दूध आहे का रे, तिने विचारलं.

"आ..." भावाच्या तोंडून निघालंच होतं. मग तो थांबला, उठला, फ्रीज उघडला आणि आत वाकून नीट पाहिलं.

"नाहीये," तो म्हणाला, आणि पायात चपला सरकवून दुकानाकडे पळाला.