तोलेगेनची मान्यता

तोलेगेन गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण कालच झालं होतं. कारागांदाच्या कचेरीत झौरेश आपाच्या समोरची त्याची खुर्ची अजून तशीच होती. खाणीत वायू साठला की ओरडणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम दोघांनी मिळून वर्षानुवर्षं तपासला होता. दूध घातलेला चहा गार झाला तरी तोलेगेन हातातली ओळ सोडत नसे.

आज तिच्यासमोर यंत्रातल्या चिपचा वेग कमी-जास्त करणारा, हाताखालच्या मदियारने लिहिलेला नवा कोड होता. खाली तोलेगेनची मान्यता होती. वाचता वाचता झौरेश थबकली. चिपला आधी विजेचा दाब वाढवून द्यायचा आणि मग वेग वाढवायचा. इथे नेमकं उलटं होतं. अशाने चिप गोठते आणि यंत्र मुकं होतं.

"मदियार, हे तोलेगेनने पाहिलं होतं?"

"आधीचं पाहिलं होतं, आपा. नंतर मी ओळी जरा खालीवर केल्या. तोलेगेन आगांचं नाव मात्र राहू दिलं. शेवटचं काम ना त्यांचं!"

"मेलेल्या माणसाची सही घेतलीस होय रे?"

तो खाली बघत पुटपुटला, "ते नाव बघून खाणवाल्यांनी सकाळीच यंत्रात घातलंय."

झौरेशने खाणीत फोन लावला. मुकादम खुशीत होता. "आगांनी जाता जाता काम चोख केलं हं, आपा! रोज उठून किंचाळायचं मेलं यंत्र. आज एकदाही ओरडलं नाही."

"माणसं वर काढ," झौरेश म्हणाली. "बाकीचं मग बोल. आधी माणसं वर काढ."