नवरदेवाचा चाकू

पहिली गोष्ट म्हणजे तो बटनचाकू नाही. अख्खं आंबागड त्याला बटनचाकू म्हणतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. बटन दाबलं की पातं उडी मारून बाहेर येतं, ती गुंडांची चीज. माझ्या चाकूचं पातं तुम्ही अंगठ्याने थोडं रेटायचं, मग आतली स्प्रिंग त्याला पुढे नेते आणि खट्‌ आवाज होऊन ते जागेवर बसतं. सुरुवात तुमची, पुढचं काम तिचं. लग्नाच्या बाबतीत मीही रेटून पाहिलं होतं, पण पुढचं काम करायला कुणी आलं नाही.

मी कैलाश. धानाची शेती करतो. वय विचारू नका, आई चारचौघांत दोन वर्षं कमी सांगते. हा चाकू मी कामिनीशी माझं जमलं तेव्हा मागवला होता. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू देतात, टोकाला लिंबू खोचतात, आणि लग्न लागेपर्यंत तो खाली ठेवायचा नसतो. बहुतेक जण घरातला भाजीचा चाकू उचलतात. मला तसं नको होतं. माझ्या हातात काहीतरी देखणं असावं, असं मला फार वाटत होतं. चाकू कुरिअरने आला आणि त्याच आठवड्यात कामिनीच्या घरून निरोप आला की मुलीला नोकरीवाला पाहिजे. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरलेली होती. चाकू परत करता आला असता, पण मी केला नाही.

मग एका मित्राने त्याच्या लग्नासाठी मागून नेला. त्याच्या फोटोत चाकू असा चमकला की पुढच्याने मागितला, मग त्याच्या पुढच्याने. आता गावात लग्न ठरलं की मांडववाल्याआधी माझ्याकडे येतात. परत येतो तेव्हा चाकूची दशा बघवत नाही. लिंबाचा रस पात्याच्या बुडात शिरलेला, हळद खाचेत वाळलेली, आणि नवरदेवाने घाबरून दिवसभर पातं हलवून हलवून स्क्रू ढिला केलेला. मी तो पूर्ण उघडतो. तुमसरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून चांदणीच्या टोकाचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणून ठेवला आहे. पुसायचं, तेलाचा एक थेंब सोडायचा, आणि मग खरी कसरत. स्क्रू जास्त कसला तर स्प्रिंगचा जोर पुरत नाही, पातं अर्ध्यात थांबतं. ढिला सोडला तर उघडतं झोकात, पण पातं डावी-उजवीकडे डुगडुगतं. मधली जागा केसाएवढी असते. ती बोटांनाच कळते, तीही चार-पाच वेळा चुकल्यावर.

दुसऱ्यांच्या हळदी मी अशा पुसत आलो. त्याचं काही वाटत नाही असं मी सांगतो. वाटतं.

या उन्हाळ्यात पिंटूचं ठरलं. पिंटू माझा धाकटा भाऊ, वरठीच्या कारखान्यात आहे. मुलीचं नाव टीना, गोड पोरगी आहे. पिंटू महिनाभर माझ्यासमोर चाकूचा विषयच काढेना. आईने सुचवलं तर म्हणाला, घरातला कोणताही चालेल. मला उलट रागच आला. गावातले नवरदेव माझा चाकू मिरवणार आणि माझा सख्खा भाऊ भाजीचा चाकू धरणार? हळदीच्या आदल्या दिवशी मी अंगणात बसून तो असा जुळवला की अंगठा नुसता टेकला तरी पातं उघडावं आणि तसूभरही हलू नये. एवढा सुरेख तो आधी कधीच बसला नव्हता. मी तो उघडत होतो, मिटत होतो, परत उघडत होतो. शेवटी आईनेच माझ्या हातातून काढून घेतला.

लग्नाच्या सकाळी वरात निघायची धांदल उडाली होती. पिंटूला शेरवानी घालायची होती आणि चाकू तर खाली ठेवता येत नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "धर दादा, मी आलोच." मी मांडवाच्या खांबाशी चाकू उभा धरून थांबलो. टोकावर लिंबू, मुठीला हळद. माझ्या हातात तो असा पहिल्यांदाच होता.

तेवढ्यात शकुनबाई आल्या. या आमच्या आत्या, कारध्याच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना चेहरा दिसत नव्हता, लिंबू दिसत होतं. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि माझा दंड चाचपला.

"पिंट्या, काल माही एस्टी चुकली रे. तुह्या हळदीले मी पोचलीच नाही. उभा राय नीट."

शेजारच्या ताटात कालची हळद उरली होती. त्यांनी आंब्याचं पान बुडवलं आणि वाकून माझ्या पायांना लावलं. मग गुडघ्यांना, खांद्यांना, मग कपाळाला. मी कैलाश आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण हळद थंड होती, आणि मला ते हवं होतं. इतकी वर्षं मला नेमकं तेच हवं होतं.

"एक सांगू?" त्या कानाशी येऊन म्हणाल्या. "वरातीत तुह्या दादाले एकटा नको सोडू. हसते तो, पण आतून लय झुरून राहिला. त्याच्यासाठीबी पाह्य कुठं एखादी."

"हो आत्या," मी म्हणालो. "पाहीन."

"आवाज कायले बसला तुहा?"

रात्रभर नाचलो, असं काहीतरी मी सांगितलं. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि आईला शोधत आत गेल्या.

मी वळलो तर दारात पिंटू उभा. मोत्याच्या रंगाची शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला फेटा. त्याने माझे पाय पाहिले, गुडघे पाहिले, कपाळ पाहिलं. बाहेर बँडवाल्याने ढोल वाजवून पाहिला. मी चाकू पुढे केला, तर त्याने हात मागे घेतला.

"दादा, जरासा धरून राय अजून," तो म्हणाला. "मले शेरवानी घालाची हाये."

आणि तो घालायला परत आत गेला.