भाजीवालीने झोपवलेला माइक

मित्रांनो, माझ्या डोक्याला पोचे आहेत म्हणून हसू नका. मी या सभागृहाचा जुना माइक आहे. तरुणपणी माझा दरारा असा, की मी नुसता खाकरलो तरी छतावरची कबुतरं अंडी घालायला शेजारच्या गावात जात. भाषणात डुलक्या घेणारे पाहुणे माझ्या एका शिट्टीने खुर्चीसकट उभे राहत. खोटं वाटतं? खुर्च्यांना विचारा.

मग देशाचं नवं शिक्षण धोरण आलं. लहान शाळा मोठ्या शाळांत मिसळायच्या, असं त्यात होतं. लोकांचं म्हणणं ऐकायला शिक्षण खात्याचे साहेब या सभागृहात आले. जो बोलेल त्याचा आवाज माझ्या वायरीतून रेकॉर्डिंगच्या यंत्रात जाणार आणि त्यावरून अहवाल लिहिला जाणार, अशी रीत होती.

एक भाजीवाली उठली. तिची लेक कुबडी घेऊन चालायची. गल्लीतली शाळा गेली, तर पोरीला रोज हमरस्ता ओलांडावा लागणार होता. तिने मला हातात घेतलं आणि मी नेमका किंचाळलो. सगळे हसले.

"मावशी, कर्ण्यापासून जरा लांब उभ्या राहा," माइकवाला म्हणाला.

"लांब कशाला? झोपवतेच ह्याला. माझी हाक चार गल्ल्या ऐकतात, साहेब तर समोरच बसलेत."

तिने माझं बटण खाली ओढलं. माइकवाल्याने ते पाहिलं. पण बाईचा आवाज खणखणीत, तिला मध्येच कशाला अडवायचं, म्हणून त्याने ते तसंच राहू दिलं.

"साहेब, ट्रक काय माझ्या पोरीची कुबडी बघून थांबणारेत? शाळा हलवताय, तर तेवढा रस्ताही हलवा."

मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा डोळे पुसले. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता, पुढे मात्र काहीच पाठवता येत नव्हतं.

"ऐकलं हो बाई," साहेब म्हणाले. ते खरंच ऐकत होते. पण त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी रेकॉर्डिंग लावलं, तर भाजीवालीच्या जागी नुसती शांतता. अहवालात आलं, त्या शाळेबद्दल कुणाचीही हरकत नाही.

शाळेला कुलूप लागलं. मीही आता कपाटात धूळ खात पडलोय. शाळा भरायच्या वेळेला खिडकीखालून भाजीवालीची हातगाडी जाते. "कांदे घ्या, बटाटे घ्या" ही हाक आता लेकीची असते. आवाज थेट आईचा. चार गल्ल्या सहज ऐकतात.

मित्रांनो, मला पुसूबिसू नका. उद्या कुणी असं जीव तोडून बोलताना दिसलं, तर आपले डोळे पुसण्याआधी एवढंच बघा, त्याच्या हातातलं बटण चालू आहे ना.