समुद्रातलं वावर

साक्रीच्या सभागृहात वनहक्काच्या अपिलांची सुनावणी चालली होती आणि हुमाला तिथे नुसतं लॅपटॉप घेऊन बसायला पाठवलं होतं. जळगावच्या एका छोट्या कंपनीत ती नकाशांचे प्रोग्रॅम लिहायची; या दाव्यांच्या जागा कम्प्युटरवर भरायचं काम त्याच कंपनीकडे होतं. साहेब मागतील तो नकाशा दाखवायचा, तोंड उघडायचं नाही, असं तिच्या मालकांनी, प्रेमराजभाऊंनी, निघताना बजावलं होतं.

डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या यशोदाबाईंचा नंबर लागला. साहेबांनी मान वर न करता वाचलं, "दावा नामंजूर. जागा जिल्ह्याच्या हद्दीबाहेर."

"साहेब, मनं वावर आठेच शे," डोंगरातल्या आपल्या शेताच्या दिशेला हात करून यशोदाबाई म्हणाल्या. "बठ्ठा गावले माहीत शे."

"गावाला माहीत असून काय उपयोग? कम्प्युटरला माहीत पाहिजे ना!"

हुमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कम्प्युटरला काय माहीत असतं आणि काय नाही, हे त्या सभागृहात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने दाव्याचा नंबर टाकला. धुळे जिल्ह्याच्या नकाशावर ठिपका नाही. महाराष्ट्रात नाही, भारतातही नाही. नकाशा लहान लहान करत गेली तेव्हा ठिपका सापडला. नॉर्वेच्याही वर, गारठलेल्या समुद्रात.

आकडे उलटे पडले होते. आपण शाळेपासून 'अक्षांश-रेखांश' असंच एका दमात म्हणतो. रेखांश आधी म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. डेटाबेसला मात्र आधी रेखांशच लागतो. एकवीस आणि चौऱ्याहत्तर, एवढ्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि बाईंचं वावर थेट समुद्रात! प्रोग्रॅमने ठिपका जिल्ह्यात आहे का ते तपासलं, नव्हता, संपलं. पत्र छापलं, सही झाली, शिक्का बसला. सह्या ठोकणाऱ्या एकाही शहाण्याने नकाशा उघडून बघायची तसदी घेतली नव्हती.

त्या गावाची माहिती शेवटच्या दिवशी घाईघाईत प्रेमराजभाऊंनी स्वतः भरली होती. हुमाने व्हरांड्यात जाऊन त्यांना फोन लावला.

"आलं लक्षात," ते म्हणाले. "गुपचूप आकडे बदल. आणि शेऱ्यात टाक, अर्जदाराने जागा चुकीची दाखवली."

"भाऊ, बाईंनी शेतात उभं राहून मोजणी करून घेतली होती. चूक आपली आहे."

"असं लेखी दिलं तर आपलं काम जाईल."

"आणि अर्जदाराची चूक लिहिली तर बाईंना पहिल्यापासून अर्ज करावा लागेल. चार वर्षं आधीच गेलीत त्यांची!"

"हुमा, तू नकाशे बघ. वकिली नको करूस."

तिने फोन कापला. काम जाईल म्हणे! बाईचं शेत गेलं तर चालतं, यांचं काम जायला नको. आत येऊन तिने लॅपटॉप साहेबांसमोर फिरवला.

"साहेब, तुमच्या कागदाप्रमाणे हे बाईंचं शेत."

"अहो, हा तर समुद्र आहे."

"हो. आमच्या कंपनीने आकडे उलटे भरले, आणि तुम्ही न बघता सही केली."

हुमाने शेरा टाइप केला: 'चूक माहिती भरणाऱ्या कंपनीची. अर्जदाराची नाही.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

"बरं, बरं. मंजुरीला पाठवतो," साहेब पुटपुटले. "पुढचा नंबर."

यशोदाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी हुमाला विचारलं, "मंग पुनानं काय, माय? मना देर. त्यालेबी असाच कागद उना."

दिरालाही तसंच पत्र आलंय म्हटल्यावर हुमाने त्या गावाची पूर्ण यादी उघडली. एक्केचाळीस दावे, एक्केचाळीस ठिपके, सगळे त्याच समुद्रात. अपील फक्त एक.

"अक्का, बाकीच्यांनी अपील का नाही केलं?"

"सरकारना कागद शे, म्हने. खोटा कसा व्हई?" यशोदाबाईंनी सांगितलं. "पुनानी वावर सोडी दिधं. सुरतले गया तो."

"त्यांची अपिलाची मुदत संपली," साहेब म्हणाले. "आता काही करता येणार नाही."

"मुदत?" हुमाचा आवाज चढला. "आपण या माणसांना समुद्रात नेऊन टाकलं, साहेब. तिथून साक्रीला यायला किती दिवसांची मुदत असते, तेवढं सांगा मला."

साहेबांनी फाइल मिटली. हुमा उभी राहिली आणि तिने यादीतलं पहिलं नाव मोठ्याने वाचलं.