लंगोटातला पंप

एक्याऐंशी सालच्या थंडीत थेरगावातल्या सोपानराव पैलवानांच्या चाळीत एका गोष्टीवर सगळ्या बायकांचं एकमत झालं. पैलवान उतारवयात दारूला लागले.

एरवी या चाळीत एकमत होणं सोपं नव्हतं. नळावर कुणाची बादली आधी, यावरून रोज सकाळी महाभारत व्हायचं. पण इथे पुरावाच तसा होता. दिवेलागणीला पैलवान गोठ्यामागे जायचे, जरा वेळाने परत यायचे ते डोळे पाणावलेले आणि हात थरथरणारे. चहाची बशी ओठांपर्यंत न्यायची तर निम्मा चहा धोतरावर.

"आणि काय पायजे?" गोजाबाई म्हणाली. तिचा नवरा मारुतराव पगाराच्या दिवशी नियमाने पिऊन यायचा, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा. "हात थरथरला की समजायचं. आमच्या ह्यांचं बी असंच सुरू झालं."

"पण वास नाही येत," कुसुमताई म्हणाली.

"भारीतली घेत असतील. मालक हायत."

कुसुमताई या चाळीत नवी, तिचा नवरा विलास कंपनीत शिफ्टवर, आणि मालकांच्या दारूपेक्षा मोठी काळजी तिच्या घरात होती. तिच्या प्रज्ञाला दमा होता. थंडी पडली, शेजारी चुली पेटल्या, की पोरीच्या छातीत मांजर गुरगुरायला लागायचं. डॉक्टरांनी फवाऱ्याचा पंप दिला होता, त्यावर सगळं चाललं होतं, आणि आता तो पंप संपत आला होता. कुसुमताईने त्यातली धातूची डबी काढून तांब्यातल्या पाण्यात सोडली. भरलेली असती तर बुडाली असती. ती आडवी होऊन निवांत तरंगायला लागली.

नवा पंप मात्र कुठे मिळत नव्हता. पिंपरी झाली, कासारवाडी झाली. डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून घालून दुमडीवर फाटली. सगळीकडे एकच उत्तर, "वरूनच माल नाही, ताई." चिंचवडच्या दुकानदाराने तर जखमेवर मीठच चोळलं.

"शेवटचा डबा होता. परवाच एक मिशीवाले सगळा उचलून घेऊन गेले."

"सगळा? चिठ्ठी होती त्यांच्याकडे?"

"मागितली ना. तर म्हणाले, म्हशीला खोकला झालाय. आता म्हशीची कसली चिठ्ठी?"

"आणि तुम्ही दिलात?"

"ताई," दुकानदार हळूच म्हणाला, "तुम्ही ती मिशी बघितली नाहीत."

कुसुमताईने बघितली होती. महिन्याच्या महिन्याला भाडं देताना बघत होती.

त्या संध्याकाळी तिने मुद्दाम गोठ्याजवळच्या हौदावर धुणं काढलं. पैलवान इकडेतिकडे बघत गोठ्यामागे गेले. आधी खुळखुळ असा आवाज आला. मग फुस्स. मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी एक लांब सुस्कारा. कुसुमताईच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. मधली ती शांतता तिच्या ओळखीची होती. प्रज्ञा श्वास रोखून धरायची तेव्हा घरात अशीच शांतता पसरायची. आणि पंपानंतर प्रज्ञाच्या पाटीवरचा 'क' सुद्धा पैलवानांच्या हातासारखाच थरथरायचा.

म्हणजे हा माणूस पीत नव्हता. ओढत होता.

दुसऱ्या दिवशी तिने सरळ विचारून बघितलं. सरळ म्हणजे, जरा वळसा घालून.

"मामा, गावात कुणाकडे दम्याचा पंप असेल का हो? पोरीसाठी हवा होता."

पैलवानांनी मिशीवर हात फिरवला. "दमा? आमच्या गावात न्हाई कुणाला दमा. तालमीतलं गाव हाय हे. ते तुमचं कंपनीच्या धुराचं दुखणं." एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. "जत्रंच्या फडात औंदा बी पंच आमीच हाय. ज्याला दम न्हाई, त्याला कोण पंच करंल?"

आता कुसुमताईला सगळं कळलं. दारुडा पैलवान गावाने पचवला असता, असे पुष्कळ होते. धापा टाकणारा पैलवान मात्र कुणी बघितलेला नव्हता.

ती घरी आली, तर दारात शालनमामी उभी. पैलवानांची बायको, हडकुळी आणि आवाजाने खणखणीत.

"कुसुमे, उद्या दुपारी माझ्यासंगं गोठ्यात चल. समद्या बायका येणार हायत. बाटली शोधून काढणारच आणि दगडावर फोडणार. तू शिकलेली, तू वाच तिच्यावर काय लिवलंय ते. कुठली पितो, तेवढं तरी कळू दे मला."

"आधी बघितलंत का तुम्ही?"

"कडबा बघितला, पेंडीची पोती बघितली, शेणाचा ढीग बी उकरला. तुला सांगते, बाईचा हात जाईल तितकी एकूणएक जागा बघितली."

मामी निघून गेली आणि कुसुमताई तिथेच थबकली. बाईचा हात जाईल तितकी जागा. मग बाईचा हात जात नाही ती जागा कुठली?

गोठ्यात मारुतीचा कोनाडा होता आणि त्यात पैलवानांचा जुना लंगोट घडी करून ठेवलेला होता. पैलवानाचा लंगोट घरातली बाई धूत नाही, उचलत नाही, त्याला शिवतसुद्धा नाही. पैलवान स्वतः धुवायचे, स्वतः वाळवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मामीने त्याला बोट लावलं नव्हतं.

कुसुमताईच्या माहेरी कुणी पैलवान नव्हता. तरी हात पुढे करताना तिला जरा कसंसंच झालं. दुसऱ्या दिवशी बायका जमायच्या आत ती गोठ्यात शिरली, म्हशीला "तुला खोकला आहे म्हणे" असं विचारून घेतलं आणि लंगोट उचलला. तो भलताच जड लागला. घडी उलगडली तर आत कागदी खोक्यांतले नवेकोरे पंप ओळीने झोपलेले. सगळ्या चिंचवडचा माल त्या लंगोटात होता.

"लंगोटाला बाईचा हात!"

दारात पैलवान. संतापाने लाल झालेले, पण पुढचं वाक्य काही त्यांना बोलता येईना. छातीतून शिटी वाजायला लागली. त्यांनी बंडीतून पंप काढला, खुळखुळ हलवला, मोठ्ठा श्वास घेऊन छाती ढोलासारखी फुगवली आणि मग तोंडात फुस्स केलं. निम्मा फवारा मिशीतून बाहेर आला. परत छाती फुगवली, परत फुस्स.

"मामा, अहो थांबा!" कुसुमताई लंगोटाचं विसरूनच गेली. "भरलेल्या घागरीत पाणी ओतताय. औषध जाणार कुठे?"

"मग?"

"आधी श्वास सोडायचा. सगळा."

पैलवानांचे डोळे मोठे झाले. "छाती रिकामी करायची? जन्मात केली न्हाई. समोर गडी हुबा असताना?"

"समोर गडी नाही, म्हैस आहे. सोडा! पोट आत जाईपर्यंत. आता हळूहळू ओढा आणि ओढता ओढता दाबा. हां. आता रोखा."

पैलवानांनी रोखलं. गोठ्यात ती शांतता पसरली. मग त्यांनी श्वास सोडला, पुन्हा घेतला आणि छातीवर हात ठेवून बघितला. शिटी मंदावली होती.

"आयला," ते म्हणाले, "आत गेलं की!"

"इतके दिवस मिशीला पाजत होतात. माझी पोर सहा वर्षांची आहे, तिला येतं."

पैलवान खाली मान घालून उभे राहिले. मग लंगोटातले दोन पंप त्यांनी तिच्या ओंजळीत टाकले. एक मागे घ्यावासा वाटला, पण घेतला नाही.

"पोरीला दे. पण तोंडातनं ब्र काढायचा न्हाई. जत्रा व्हायचीय."

"उरलेले दुकानात परत करा. अजूनही पोरं आहेत गावोगावी."

"आँ?"

"नाहीतर मामींना वाचून दाखवते, काय लिहिलंय ते."

पैलवानांनी अख्ख्या कारकिर्दीत इतक्या झटपट पाठ टेकली नव्हती. "करतो," ते पुटपुटले.

तेवढ्यात बाहेर बांगड्या वाजल्या. कुसुमताईने पंप पदराखाली घेतले, पैलवानांनी लंगोट कोनाड्यात कोंबला, आणि शालनमामी सगळी फौज घेऊन दारात.

"काय चाललंय? हातात काय होतं तुमच्या? खरं सांगा!"

कुसुमताईने पैलवानांकडे बघितलं. पैलवानांनी मारुतीकडे.

"पीत हुतो," पैलवान ताठ मानेने म्हणाले. "ह्या पोरीनं धरलं."

"कबूल?"

"कबूल. बाटली टाकली नदीत. आता मारुतीची शपथ, हितनं पुढं दारूचा थेंब शिवणार न्हाई."

इतकी पाळायला सोपी शपथ मारुतीने कधी ऐकली नसेल. मामीने डोळ्यांना पदर लावला आणि कुसुमताईला कडकडून मिठी मारली. पदराखालचे पंप दोघींच्या मध्ये रुतले. कुसुमताई हूं की चूं न करता उभी राहिली.

त्या संध्याकाळी चुली पेटल्या तसा प्रज्ञाचा श्वास अडकला. तिने नवा पंप हातात घेतला, शहाण्यासारखा श्वास सोडला, ओढला, रोखला. कुसुमताईनेही तिच्याबरोबर रोखला. मांजर गुरगुरायचं थांबलं. मग प्रज्ञा म्हणाली, "आई, तू सोड आता," तेव्हा कुठे तिने सोडला.

पैलवानांचे हात थरथरेनासे झाले, कारण एका फवाऱ्यात काम भागायला लागलं. चिंचवडच्या दुकानदाराकडे मिशीवाले येऊन डबा ठेवून गेले. म्हैस बरी झाली म्हणाले. चाळीत मात्र कुसुमताईची कीर्ती पसरली, आणि एका दुपारी गोजाबाई येऊन बसली.

"ताई, आमच्या मारुतरावांचं बी बघ की. तू पैलवानाला नेमकं सांगितलंस तरी काय?"

खरं सांगायची सोय नव्हती, आणि खोटं कुसुमताईला जमत नसे.

"काही विशेष नाही. फक्त म्हटलं, आधी श्वास सोडा."

गोजाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "अगं बया! माझ्या कसं ध्यानात न्हाई आलं?"

ती तडक निघाली. कुसुमताईला वाटलं, गेली बला. पण संध्याकाळी शिफ्ट सुटली आणि विलास डबा हलवत हसत हसत घरात शिरला.

"आज काय सण आहे का गं चाळीत? प्रत्येक दारात बाई उभी, आणि गडी घरात पाऊल टाकायच्या आत तोंडासमोर जाऊन म्हणते, सोड श्वास. वास घेतल्याशिवाय आत घेत नाहीत कुणाला. मारुतराव तर नळावर बसलाय, आत जायलाच तयार नाही."

आत प्रज्ञा धावत होती आणि धाप लागली नव्हती. कुसुमताईने नवऱ्याच्या हातातला डबा घेतला आणि दारातच त्याची वाट अडवून उभी राहिली.

"सोडा."